वेडाचे माप : चांदा जिल्ह्याच्या रकान्यापासून आजच्या निदानसूचीपर्यंत

१/
२०११च्या जनगणनेने भारतातील मानसिक आजार असलेल्या व्यक्तींची संख्या ७,२२,८२६ अशी नोंदवली. पुढे चार-पाच वर्षांतच, २०१५-१६मध्ये, बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्याच्या निष्कर्षानुसार सुमारे १५ कोटी भारतीयांना मानसिक आरोग्यासाठी मदतीची गरज होती. देश तोच, काळही जवळजवळ तोच. आकड्यांत मात्र दोनशे पटींहून अधिक अंतर.

२/
ही बेरजेतील चूक नव्हती. जनगणनेचा प्रगणक घराच्या दारात उभा राहून कुटुंबप्रमुखाला विचारत होता, घरात कोणी अपंग आहे का, आणि असल्यास कोणत्या प्रकारचे. सर्वेक्षणातील प्रशिक्षित मुलाखतकार प्रत्यक्ष त्या व्यक्तीसमोर बसून झोप, भूक, भीती, उदासी, दारू यांविषयी ठरलेले प्रश्न विचारत होता. दोघांची मापे वेगळी होती. ‘मानसिक आजार कशाला म्हणायचे आणि ते कोणी ठरवायचे’ हा प्रश्न या दोन्ही आकड्यांच्या मुळाशी आहे. आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या वाट्याला तो गेली दीडशे वर्षे निरनिराळ्या रूपांत आलेला आहे. त्याचा हा इतिहास.

३/
आधी दोन संज्ञा. कोणत्याही निदानपद्धतीला दोन कसोट्या लावतात. पहिली विश्वसनीयता : एकाच रुग्णाला दोन वैद्यांनी स्वतंत्रपणे तपासले तर दोघे एकच नाव देतात का? दुसरी यथार्थता : दिलेले नाव खरोखर अस्तित्वात असलेल्या आजारावर बेतलेले आहे का?

भाताच्या मुलखात हा भेद चटकन कळतो. खळ्यावर दोन मापाऱ्यांनी एकाच पायलीने धान मोजले आणि दोघांचा आकडा जुळला, तर मोजणी विश्वसनीय झाली. पण ती पायलीच लहान असेल, तर दोघांचे एकमत होऊनही शेतकऱ्याचे माप चुकलेलेच राहते.

४/
१८५४मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८६१मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि चांदा हा त्यातील एक जिल्हा ठरला. आजचा चंद्रपूर जिल्हा आणि गडचिरोलीचे अरण्य हे दोन्ही या विस्तीर्ण जिल्ह्यात मोडत. चांद्याचे नाव १९६४मध्ये चंद्रपूर झाले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला.

या मुलखातील मनोरुग्णाची सरकारी वाट मात्र एकाच ठिकाणी संपे. १८६४मध्ये नागपुरात वेड्यांचे इस्पितळ उघडले. शहरातील त्या भागाला लोक अजूनही पागलखाना चौक म्हणतात. आजचे प्रादेशिक मनोरुग्णालय हे त्याच संस्थेचे पुढचे रूप.

५/
त्या इस्पितळात माणूस पोहोचे कसा? त्याची रीत १८५८च्या कायद्याने घालून दिली होती. रस्त्यावर भटकणारा किंवा धोकादायक वाटणारा ‘वेडा’ दिसला की पोलिसांनी त्याला धरून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे. मॅजिस्ट्रेटने सरकारी डॉक्टरची तपासणी व दाखला घ्यायचा आणि खात्री पटल्यास इस्पितळात पाठवण्याचा हुकूम काढायचा.

म्हणजे वर्गीकरणाचा पहिला हात पोलिसाचा असे. शांत बसून झुरणारी सून किंवा महिनोन्महिने न बोलणारा तरुण या वाटेने क्वचितच येई. येई तो गोंगाट करणारा, नागडा फिरणारा, मारायला धावणारा. इस्पितळाच्या भिंतीआड जे ‘वेड’ दिसे, ते या चाळणीतून उरलेले असे.

६/
रुग्णाबरोबर एक वर्णनपत्रक जाई. त्यात नाव, वय, जात, धंदा, आजार किती दिवसांचा, आणि आजाराचे कारण असे रकाने असत. इस्पितळाचे अधीक्षक त्यावरून वार्षिक तक्ते तयार करीत. आजारांची नावे त्या काळच्या इंग्रजी वैद्यकातली, आणि ती थोडीच : उन्माद, विषण्णता, बुद्धिभ्रंश, जडमती अशी. युरोपातून आलेली ही चौकट हिंदुस्थानातील सर्व वेड्यांच्या इस्पितळांत वापरली गेली.

या तक्त्यांतील ‘कारण’ हा रकाना पुढे फार गाजला. कारण त्यात एक शब्द पुनःपुन्हा येत होता : गांजा.

७/
गांजाच का? कारणाचा रकाना कोरा ठेवणे अधिकाऱ्याला अवघड जाई. रुग्णाचे नातेवाईक बहुधा हजर नसत. असलेच तर शेकडो मैल दूर. पोलिसाला इतके कळे की हा माणूस चिलीम ओढत असे, किंवा ओढत असावा. तेवढ्यावर ‘गांजा’ लिहिले जाई. मॅजिस्ट्रेट तेच पुढे पाठवी, इस्पितळाचा लिपिक तेच वहीत उतरवी आणि वर्षअखेर अधीक्षक त्याची बेरीज करी.

या बेरजांच्या आधारावर लंडनमध्ये असे बोलले जाऊ लागले की हिंदुस्थानातील वेड्यांची इस्पितळे गांजेकसांनी भरलेली आहेत.

८/
२ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश पार्लमेंटात विल्यम केन या मद्यपानविरोधी सदस्याने हा प्रश्न उपस्थित केला. त्यातून त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने भांग-गांजा-चरस चौकशी आयोग नेमला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग अध्यक्ष होते. सात सदस्यांत तीन हिंदी होते : राजा शशी शेखरेश्वर रॉय, कंवर हरनाम सिंग आणि लाला निहाल चंद. मध्य प्रांताच्या सेवेतील ए. एच. एल. फ्रेझर हेही सदस्य होते.

आयोगाने देशभर फिरून १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले. १८९४मध्ये त्याचा अनेक खंडांचा अहवाल तयार झाला. गांजाच्या इतिहासात हा अहवाल प्रसिद्ध आहेच. मानसिक आजारांच्या निदानाच्या इतिहासातले त्याचे स्थान मात्र फारसे चर्चिले जात नाही.

९/
आयोगाने एक साधी पण त्या काळी अपूर्व गोष्ट केली. १८९२ या एका वर्षात देशातील इस्पितळांत दाखल झालेले सर्व रुग्ण घेतले, गांजाशी जोडलेल्या रुग्णांचे कागद वेगळे काढले आणि प्रत्येकाची उलट तपासणी सुरू केली. हे कारण कोणी लिहिले? कशावरून लिहिले? घरच्यांना विचारले होते का?

जिथे शक्य होते तिथे रुग्णाच्या मूळ गावी पुन्हा चौकशी करवली. घरात आधी कोणाला वेड लागले होते का, अपस्मार होता का, चिलीम आजारापूर्वीची की आजारानंतरची, हे विचारले गेले. इस्पितळाच्या डॉक्टरांनाही विचारले : केवळ लक्षणे पाहून गांजाचे वेड इतर वेडांपासून वेगळे ओळखता येते का? या प्रश्नाला भक्कम उत्तर मिळाले नाही.

१०/
निष्पत्ती अशी. १८९२मध्ये १,३४४ रुग्ण दाखल झाले होते. त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे भांग-गांजा हे कारण होते. चौकशीनंतर त्यांतील केवळ ९८ प्रकरणांत गांजाचा संबंध वाजवीपणे लावता येतो असे आयोगाला वाटले. त्यातूनही अन्य कारणे सोबत असलेली प्रकरणे वगळता ६१ उरली.

निम्म्याहून अधिक नोंदी पहिल्याच तपासणीत गळून पडल्या. इस्पितळांचे जे तक्ते वर्षानुवर्षे पुरावा म्हणून दाखवले जात होते, त्यांवर विसंबता येत नाही, असे सरकारच्याच आयोगाने लिहून ठेवले.

११/
येथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. कागदावर एकमत परिपूर्ण होते. पोलीस, मॅजिस्ट्रेट, डॉक्टर, अधीक्षक, चौघांनीही ‘गांजा’ असेच म्हटले होते. पण ती चार स्वतंत्र मते नव्हती. पहिल्याचेच मत उरलेल्या तिघांनी उतरवून घेतले होते.

विश्वसनीयतेची पहिली अट स्वातंत्र्य ही आहे. दुसऱ्या तपासनिसाला पहिल्याचा निष्कर्ष ठाऊक असेल, तर जुळलेली उत्तरे काहीच सिद्ध करीत नाहीत. आजही रुग्णाच्या जुन्या फाइलवरचे निदान नव्या फाइलवर जसेच्या तसे उतरते, तेव्हा हीच गोष्ट घडते.

१२/
आयोगाचे गोडवे गाताना त्याची मर्यादाही लक्षात ठेवली पाहिजे. गांजावर सरकारला अबकारी उत्पन्न मिळत होते. संपूर्ण बंदी सरकारला सोयीची नव्हती. मध्य प्रांतात निमाड जिल्ह्यातील खांडव्याकडे गांजाची परवानगीने लागवडही होत असे. शिवाय आयोगाने केवळ ‘कारण’ या रकान्याची झडती घेतली. उन्माद, विषण्णता ही मूळ नावेच हिंदी माणसांच्या दुःखाला लागू पडतात का, हा प्रश्न त्याने विचारला नाही. तो विचारायला आणखी अनेक दशके जावी लागली.

१३/
इस्पितळाबाहेरच्या ‘वेड्यां’ची मोजणी दुसऱ्या मार्गाने चालू होती. १८७२पासून १९३१पर्यंतच्या जनगणनांत व्यंगांची नोंद घेतली जाई. १९०१च्या पत्रकात चार व्यंगे होती : दोन्ही डोळ्यांनी अंध, जन्मतः मूकबधिर, वेडा आणि महारोगी. मध्य प्रांताच्या त्या जनगणनेचे प्रमुख होते आर. व्ही. रसेल, म्हणजे पुढे रायबहादुर हिरालाल यांच्या साहाय्याने मध्य प्रांतातील जाती-जमातींवर प्रसिद्ध ग्रंथ लिहिणारे अधिकारी.

आंधळेपणाला ‘दोन्ही डोळ्यांनी’ आणि मूकबधिरतेला ‘जन्मतः’ अशी मर्यादा होती. ‘वेडा’ या शब्दाला अशी कोणतीच मर्यादा नव्हती.

१४/
आता हा रकाना चांदा जिल्ह्याच्या जंगलात नेऊन पाहावा. प्रगणक म्हणजे बहुधा पटवारी, शाळामास्तर किंवा गावातला लिहिता-वाचता येणारा कोणी. भामरागड-एटापल्लीच्या बाजूला माडिया बोलणारी वस्ती, सिरोंच्याकडे तेलुगू, इतरत्र गोंडी आणि झाडीबोली. ‘वेडा’ या एका शब्दात जन्मजात मतिमंदत्व, म्हातारपणीचा विस्मर, फिट येणे, दारूचा अंमल आणि खरा मानसिक आजार हे सारे सामावू शके. मुलीचे लग्न व्हायचे असेल तर घरचे हा शब्द उच्चारणारच नाहीत.

एका गावात ज्याला ‘वेडा’ लिहिले, त्यालाच पलीकडच्या गावातल्या मास्तराने ‘भोळा’ म्हणून सोडून दिले असते. विश्वसनीयता नाही, तेथे यथार्थतेचा प्रश्नच पुढे येत नाही.

१५/
१९४१च्या जनगणनेत व्यंगांचा रकाना गाळण्यात आला. १९८१मध्ये अपंगत्वाचे काही प्रश्न परतले. पण मानसिक प्रकाराची नोंद पुन्हा सुरू झाली ती २००१मध्ये. २०११मध्ये प्रथमच ‘मानसिक आजार’ आणि ‘मतिमंदत्व’ असे दोन वेगळे पर्याय दिले गेले. आरंभी दिलेला सव्वासात लाखांचा आकडा या पर्यायातून आला. १९०१चा पटवारी आणि २०११ची शिक्षिका यांच्यामध्ये ११० वर्षे उलटली होती. प्रश्न मात्र अजूनही घरच्यांनाच विचारला जात होता, आणि लपवण्याची कारणेही फारशी बदलली नव्हती.

१६/
याच काळात जगात काय चालले होते? आजारांच्या आंतरराष्ट्रीय सूचीचा आरंभ मृत्यूच्या कारणांच्या यादीतून झाला. ती १८९३मध्ये फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियों यांनी मांडली. मानसिक आजारांना त्या सूचीत स्वतंत्र प्रकरण मिळाले ते १९४८च्या सहाव्या आवृत्तीत, जागतिक आरोग्य संघटनेच्या स्थापनेच्या वर्षीच.

पण सूची छापली म्हणजे ती वापरली जाते असे नाही. १९५९मध्ये एर्विन स्टेंगेल यांनी संघटनेसाठी देशोदेशीच्या वर्गीकरणांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांना दिसले की बहुतेक देश आपापल्या जुन्या याद्यांनाच चिकटून आहेत. एकाच शब्दाचा अर्थ दोन देशांत दोन प्रकारचा होता.

१७/
या गोंधळाचे सर्वांत बोलके उदाहरण न्यूयॉर्क आणि लंडनचे. अमेरिकेतील इस्पितळांत छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, फार. ब्रिटनमध्ये भावनिक आजार फार. हा फरक रुग्णांत आहे की डॉक्टरांत? संशोधकांनी रुग्णांच्या मुलाखती चित्रित केल्या आणि त्याच चित्रफिती दोन्ही देशांतील मनोविकारतज्ज्ञांना दाखवल्या.

१९७१मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एका रुग्णाला ६९ टक्के अमेरिकी डॉक्टरांनी छिन्नमनस्क ठरवले. ब्रिटिश डॉक्टरांत हे प्रमाण २ टक्के होते. रुग्ण तोच, चित्रफीत तीच. अटलांटिक ओलांडताच त्याचा आजार बदलला.

१८/
त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने छिन्नमनस्कतेचा पथदर्शी अभ्यास हाती घेतला. नऊ केंद्रांत भारताचे आग्रा होते. एकच संरचित मुलाखत सर्व भाषांत भाषांतरित केली गेली आणि १,२०२ रुग्ण तपासले गेले. प्रशिक्षण आणि ठरीव प्रश्न असतील तर आग्रा, इबादान, प्राग येथील डॉक्टरही एकमेकांशी सहमत होऊ शकतात, हे त्यातून दिसले.

निदानाच्या इतिहासात हा मोठा टप्पा होता. पण आग्ऱ्याची मुलाखत हिंदीत होती. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या माणसाला त्या प्रश्नांचा अर्थ कसा लागेल, हे तिने सांगितले नव्हते.

१९/
सहमती मोजण्याचे गणितही तयार झाले. जेकब कोहेन यांनी १९६०मध्ये ‘कापा’ हा निर्देशांक मांडला. दोन तपासनिसांचे एकमत निव्वळ योगायोगाने किती झाले असते, ते वजा करून उरलेले एकमत तो सांगतो. १ म्हणजे पूर्ण सहमती, ० म्हणजे नाणेफेक.

१९७०मध्ये अमेरिकेच्या रॉबिन्स आणि गूझ यांनी यथार्थतेच्या कसोट्या सुचवल्या : लक्षणांचे नेमके वर्णन, प्रयोगशाळेतील तपासण्या, इतर आजारांपासूनचा वेगळेपणा, रुग्णाचा पुढील वर्षांतील प्रवास आणि कुटुंबातील आढळ. १९८०च्या डीएसएम-३ या अमेरिकी निदानसूचीने प्रत्येक आजाराला लक्षणांची निश्चित यादी दिली. पायली सर्वांच्या हाती एकसारखी आली. ती बरोबर आहे का, हे पाहणे बाकी होते.

२०/
ते अद्याप बाकीच आहे. डीएसएम-५साठी झालेल्या आणि २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्षेत्रचाचण्यांत आघातोत्तर तणावविकाराचा कापा ०.६७ आला, छिन्नमनस्कतेचा ०.४६, आणि तीव्र नैराश्याचा अवघा ०.२८. दवाखान्यांत सर्वाधिक भेटणाऱ्या आजारावरच तज्ज्ञांची सहमती सर्वांत कमी आलेल्यांत होती.

त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचे संचालक थॉमस इन्सेल यांनी जाहीरपणे म्हटले, की या सूचीचे बळ विश्वसनीयतेत आहे आणि तिची उणीव यथार्थतेत. मधुमेहात रक्तातील साखर मोजता येते. बहुसंख्य मानसिक आजारांसाठी अशी तपासणी आजही उपलब्ध नाही.

२१/
एकमत असूनही निदान चुकीचे असू शकते, याचा दाखला याच सूच्यांत आहे. समलैंगिकता अमेरिकी सूचीत आजार म्हणून १९७३पर्यंत होती; जागतिक आरोग्य संघटनेने ती १९९०मध्ये वगळली. तोवर जगभरचे डॉक्टर हे ‘निदान’ करीत होते, आणि त्यात मतभेद फारसा होत नव्हता. विश्वसनीयता उत्तम होती. आजारच नव्हता.

२२/
आता पुन्हा चंद्रपूर. चैत्रात येथील महाकालीची यात्रा भरते. मराठवाडा आणि तेलंगणातून हजारो भाविक येतात, झरपट नदीत स्नान करतात, आणि कित्येकांच्या अंगात येते. डोळे फिरतात, आवाज बदलतो, माणूस आपण देवी असल्याचे बोलतो. लक्षणांची यादी हातात धरून एखादा परदेशी डॉक्टर तेथे उभा राहिला, तर अर्ध्या मांडवाला आजारी ठरवील.

सूचीकारांना हे ठाऊक होते. म्हणून आंतरराष्ट्रीय सूचीच्या दहाव्या आवृत्तीत अंगात येण्याच्या विकाराला अट घातली आहे : ती अवस्था अनिच्छेने, नकोशी, आणि धार्मिक वा सांस्कृतिकदृष्ट्या मान्य प्रसंगाबाहेर आलेली असली पाहिजे. म्हणजे निदान करण्यापूर्वी डॉक्टरला यात्रा ठाऊक असावी लागते. तेच हावभाव यात्रेत भक्ती ठरतात. एरवी, घरात एकटी पडलेल्या एखाद्या स्त्रीच्या बाबतीत, ते मदतीची हाक असू शकतात.

२३/
अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७७मध्ये अशा चुकीला नाव दिले : प्रवर्गदोष. एका संस्कृतीत तयार झालेला प्रवर्ग दुसरीत नेऊन लावायचा, तो तेथे सापडला की तो सार्वत्रिक असल्याचे सिद्ध झाले म्हणायचे. शोधणाऱ्याने चाळणीच तशी नेलेली असते.

विदर्भातील खेड्यात ‘नैराश्य’ हा शब्द कोणी घेऊन येत नाही. जीव घाबरा होतो, डोके गच्च होते, हातपाय गळून जातात, कशात मन लागत नाही, अशी तक्रार घेऊन लोक येतात. मराठी प्रश्नावली गोंडीत, माडियात, सिरोंच्याच्या तेलुगूत किंवा चामोर्शी-मुलचेऱ्यातील निर्वासितांच्या बंगालीत नेताना केवळ शब्द बदलून चालत नाही. भाषांतर दुसऱ्याकडून उलट फिरवून पाहावे लागते आणि गावातल्या माणसाला विचारावे लागते, की या प्रश्नाने तुम्हाला काय समजले?

२४/
शरीर आणि मन यांतील सीमारेषाही अशीच फसवी आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. पूर्वी अशी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. या स्त्रियांचे अंग दुखणे, अशक्तपणा यांना कोणी ‘मनाचे खेळ’ म्हटले असते, तर डॉक्टरांचे एकमत झाले असते आणि आजार तसाच राहिला असता.

उलट, पुढे गोव्यात सुमारे अडीच हजार स्त्रियांच्या अभ्यासात असे दिसले, की अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताण आणि घरातील जाचाशी अधिक आहे. दोन्ही अभ्यास एकमेकांना खोटे पाडत नाहीत. उत्तर आधीच ठरवून तपासू नये, हे दोन्ही सांगतात.

२५/
एकमताचा सर्वांत भयंकर प्रकार वैद्यकाबाहेर आहे. मराठवाड्यापासून चंद्रपूरच्या तेलंगण सीमेपर्यंत ‘भानामती’ हे एक लोकनिदान आहे. घरात विचित्र घटना, आजारपण, एखाद्याचे असंबद्ध वागणे, या साऱ्याला एकच कारण : कोणीतरी करणी केली. ऑगस्ट २०२१मध्ये जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे अशा संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भर गावात बांधून मारहाण झाली.

गाव एकमताने बोलत होते. १८९२च्या ‘गांजा’प्रमाणेच येथेही एकाचे म्हणणे दुसऱ्याने उचललेले होते. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३मध्ये झालेल्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने वा साखळीने बांधणे, मारणे हा गुन्हा ठरवला. निदानाची चूक केवळ कागदावर राहत नाही, ती माणसाच्या अंगावर उमटते, याची ही कायद्याने दिलेली कबुली आहे.

२६/
२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या तिसऱ्या कलमात या साऱ्या इतिहासाचे सार सापडते. मानसिक आजार ठरवताना राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य वैद्यकीय मानकेच वापरावीत, असे ते सांगते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचीचा उल्लेख करते. त्याच कलमात प्रतिबंधही आहे : व्यक्तीची राजकीय, आर्थिक, सामाजिक स्थिती, तिचा सांस्कृतिक, वांशिक वा धार्मिक गट, किंवा समाजाच्या प्रचलित मूल्यांशी तिचे न जुळणे, हे निदानाचे कारण होऊ शकत नाही. पूर्वी कधी उपचार घेतले होते, एवढ्यावरूनही आज ती व्यक्ती आजारी ठरत नाही.

१८५८चा कायदा आणि हे कलम यांच्यात १५९ वर्षांचे अंतर आहे.

२७/
मग वर्गीकरण फेकून द्यावे काय? तसे केल्यास नुकसान रुग्णाचेच होईल. नाव नसेल तर औषधाचा पुरवठा ठरत नाही, संशोधन होत नाही, अपंगत्वाचा दाखला मिळत नाही आणि एका डॉक्टरचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही. छिन्नमनस्कता वेळेवर ओळखली गेली तर तरुण माणूस पुन्हा शेतात उभा राहू शकतो. हे सूचीमुळेच शक्य होते. सूची हे काम चालवण्याचे साधन आहे. नवे पुरावे येतील तशी ती बदलत राहिली आहे आणि बदलत राहील. तिच्यातील नावांना निसर्गाने कोरलेली नावे समजणे एवढीच चूक टाळायची आहे.

२८/
२०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात बारा राज्ये होती. गडचिरोलीला लागून असलेले छत्तीसगड त्यांत होते, महाराष्ट्र नव्हता. म्हणजे १५ कोटींचा तो अंदाज बांधताना या दोन वनजिल्ह्यांच्या दारात कोणी गेले नव्हते. भामरागडहून नागपूरचे मनोरुग्णालय आजही तीनशेहून अधिक किलोमीटरवर आहे. तेथपर्यंत पोहोचलेल्या माणसाची हकीकत बहुधा दुसऱ्याच्या तोंडून आणि दुसऱ्याच भाषेत सांगितली जाते.

१८९४च्या आयोगाकडे ना कापा होता ना निदानसूची. त्याने कागदावरचे कारण बाजूला ठेवून माणसाच्या गावी चौकशी केली, आणि २२२ पैकी १२४ नोंदी गळून पडल्या. पुढच्या निदानाच्या वेळी रुग्णाच्या भाषेत बोलणारे, त्याच्या घरी जाऊन विचारणारे कोणी असेल का, यावर या जिल्ह्यांतील कित्येक माणसांचे पुढचे आयुष्य ठरणार आहे.